कॉलेज मध्येच सुटलं होतं, आता परत जायचंय: सुरुवात कुठून करायची?

कॉलेज सोडून चार-पाच वर्षं झालेला माणूस परत शिकायचं म्हणाला की घरचे, मित्र, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, "आता जमेल का अभ्यास?" प्रवेशाच्या दिवसांत मी आमच्या कॉलेजच्या प्रवेश समितीत बसते. तिथे जे दिसतं त्यावरून सांगते, अभ्यास जमतो. नोकरी, संसार, दुकान सांभाळून आलेला माणूस वेळेची किंमत जाणून असतो आणि पहिल्या बाकावर बसायला लाजत नाही. गाडी अडते ती कागदावर. विद्यापीठाच्या नोंदीत तुमचं नाव आज कोणत्या अवस्थेत आहे, हे माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या खिडकीशी उभे राहतात, चुकीची फी भरतात आणि वर्ष हातातून जातं. म्हणून हा लेख मुख्यतः त्या नोंदीबद्दल आहे, उमेद देण्यासाठी नाही.

आधी आपली अवस्था ओळखा

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा विद्यापीठाने तुम्हाला एक कायम नोंदणी क्रमांक दिला, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात. हॉल तिकिटावर, गुणपत्रिकेवर, परीक्षेच्या फॉर्मवर तो असतो. कॉलेज सुटलं तरी हा नंबर पुसला जात नाही. त्याच्यामागे तुम्ही कोणते पेपर दिले, कोणते सुटले, कोणते राहिले याचा सगळा हिशेब पडून असतो. प्रश्न एवढाच की त्या हिशेबात अजून भर घालता येईल, की तो बंद झाला?

हे ठरतं मुदतीवरून. पदवी किती वर्षांत पूर्ण करता येईल याबाबत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. अभ्यासक्रम जितक्या वर्षांचा, त्यावर आणखी दोन वर्षं, आणि फारच अपवादात्मक परिस्थितीत तिसरं वर्ष, असा तो हिशेब आहे. म्हणजे तीन वर्षांच्या बी.कॉम.ला साधारणपणे पाच वर्षं. या वाढीव काळात विद्यार्थी बहिस्थ धरला जातो आणि त्याला गुणवत्ता क्रमांक मिळत नाही, हेही त्यात आहे. विद्यापीठं आपापल्या नियमांनुसार यात कमी-जास्त करतात. मुदत उलटून गेलेल्यांसाठी मधूनच एखादं विद्यापीठ 'विशेष संधी' म्हणून परीक्षा जाहीर करतं. अशी संधी जाहीर होते विद्यापीठाच्या परिपत्रकात. ते परिपत्रक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागतं, आणि सोडून गेलेला विद्यार्थी त्या बोर्डासमोर कधी उभाच राहत नाही. त्यामुळे जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात वर्षातून दोनदा फोन करणं एवढं तरी करावं.

तर तुम्ही कॉलेजात जाल तेव्हा "मला परत ॲडमिशन घ्यायचीय" असं सांगू नका. या वाक्याला खिडकीतून "जूनमध्ये या" याखेरीज उत्तर मिळत नाही. विचारायचं ते असं: माझा पीआरएन चालू आहे का? माझी शेवटची संधी कोणत्या परीक्षेपर्यंत होती? मी पुढच्या वर्षासाठी पात्र होतो, की एटीकेटीवर (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात) होतो, की माझं वर्ष गेलं होतं? माझी टर्म ग्रँट झाली होती का, म्हणजे कॉलेजने माझं सत्र पूर्ण धरलं होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मी टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढली होती का?

टीसीचा मुद्दा लोक विसरतात. बारावीनंतरचा शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या वर्षाला जमा होतो. नंतर नोकरीला, पासपोर्टला, कशाला तरी लागला म्हणून तुम्ही कॉलेजातून टीसी नेली असेल, तर त्या कॉलेजने तुमचं नाव कमी केलेलं असतं. मग जुन्याच वर्गात जायचं तरी प्रवेश नव्याने होतो. टीसी नेलीच नसेल तर गोष्ट पुष्कळ सोपी असते, विशेषतः फक्त काही पेपर राहिले असतील तर. अशा वेळी वर्गात बसायचीही गरज नसते, परीक्षेचा फॉर्म भरून पेपर द्यायचे असतात. तीन विषय राहिले म्हणून दहा वर्षं "माझं ग्रॅज्युएशन अर्धवट आहे" असं सांगत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. मुदतीत विचारलं असतं तर त्यांचं काम एका परीक्षेत झालं असतं.

पॅटर्न बदलला तर

मुदत शिल्लक असली तरी दुसरी अडचण असते ती पॅटर्नची. अभ्यासक्रम दर पाच-सहा वर्षांनी बदलतो. पुणे विद्यापीठातले विद्यार्थी सहज बोलतात, "मी २०१९ पॅटर्नचा", "ती २०२४ पॅटर्नची". जुन्या पॅटर्नच्या परीक्षा नवीन पॅटर्न आल्यावर काही काळ चालू राहतात आणि मग बंद होतात. बंद झाल्यावर तुमच्या राहिलेल्या विषयाऐवजी नव्या अभ्यासक्रमातला कोणता विषय द्यायचा, हे समकक्षतेच्या तक्त्यावरून ठरतं. हा तक्ता विभागप्रमुखांकडे किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. तो स्वतः बघा. खिडकीवरच्या माणसाला प्रत्येक शाखेचा तक्ता पाठ असेल ही अपेक्षा करू नये.

महाराष्ट्रात सध्या हा बदल नेहमीपेक्षा मोठा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आले. आता वेळापत्रक हातात घेतलं तर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी अक्षरं दिसतात. २०१७ मध्ये एस.वाय.ला असलेल्या माणसाला हे रेल्वेच्या आरक्षण तक्त्यासारखं वाटतं. घाबरू नका, आत्ताच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ते दिवाळीपर्यंत कळलेलं नसतं. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडीचा. बाकीची बहुतेक अक्षरं भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान परंपरा अशा दोन-दोन, चार-चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं एकक) छोट्या पेपरांची आहेत.

पण याच धोरणाने परत येणाऱ्यांसाठी एक खरंच नवी सोय केली आहे. शिक्षण मध्येच सोडणं हे आता नियमात बसतं. महाराष्ट्रातल्या रचनेत पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट्स आणि वर चार क्रेडिटचा एक कौशल्याचा कोर्स केला की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनंतर तसंच पदविका घेऊन. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिट्सची, आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो, असं यूजीसीचा डिसेंबर २०२२ चा आराखडा सांगतो.

हे क्रेडिट्स साठवले जातात अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत. ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली आणि २०२१-२२ व त्यानंतर मिळवलेले क्रेडिट्सच तिच्यात येतात. त्याआधी शिकलेल्यांनी एबीसीचं खातं उघडलं म्हणून जुने गुण आपोआप तिथे दिसणार नाहीत. क्रेडिट्स साधारणपणे सात वर्षं टिकतात. आता यात बारीक अक्षरात काय आहे ते नीट समजून घ्या. ही बँक तुमचे क्रेडिट्स सांभाळते, प्रवेश देत नाही. तुम्ही नाशिकहून ठाण्याला राहायला गेलात आणि तिथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बसायचं म्हणालात, तर त्या कॉलेजात जागा हवी, तुमचे विषय त्यांच्या विषयांशी जुळायला हवेत आणि पात्रता त्या विद्यापीठाने मान्य करायला हवी. शिवाय पदवी जी संस्था देणार, तिच्याकडून किमान निम्मे क्रेडिट्स मिळवलेले असावे लागतात. "क्रेडिट कुठेही चालतात" हे वाक्य भाषणात बरं वाटतं, खिडकीशी ते एवढं सरळ नसतं.

ज्यांनी अजून कॉलेज सोडलेलं नाही पण सोडावं लागणार आहे, त्यांनी तर हे आधीच वाचावं. वर्षाच्या मध्ये, परीक्षा न देता गायब होण्यापेक्षा निदान ते सत्र पूर्ण करून, अर्ज देऊन, पोच घेऊन बाहेर पडणं कितीतरी पटींनी फायद्याचं.

याचं आपल्याकडचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अर्धवट शिक्षण टाकून परतावं लागलं. पण निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवली. प्राध्यापक एडविन कॅनन यांची त्यात मदत झाली. परतताना त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. इथे आल्यावर बडोद्यात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मग १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भाथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये, म्हणजे परवानगीच्या मुदतीच्या आत, ते लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. त्यांच्या बुद्धीबद्दल बोलायला आपण सगळे पुढे असतो. मला मात्र ती आधी मागून घेतलेली परवानगी फार शिकवून जाते. पुढे त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले.

मुदत संपलीच असेल तर मुक्त विद्यापीठ

पीआरएनची मुदत गेली, पॅटर्न गेला, विशेष संधीही नाही. मग नव्याने सुरुवात. इथे बहुतेकांनी आधी मुक्त विद्यापीठाचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे, भले मी नियमित कॉलेजात शिकवत असले तरी.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेली आहेत आणि अभ्यास मराठीतून करता येतो. इग्नू १९८५ पासून आहे, प्रवेश जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा होतात, आणि तीन वर्षांच्या बी.ए.साठी सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. मुंबई विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ यांचीही दूरशिक्षण केंद्रं आहेत. "बाहेरून केलेली डिग्री चालते का?" हा प्रश्न अजूनही विचारला जातो. यूजीसीची मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा एकदा लेखी सांगितलं आहे. एमपीएससीला, बँकेच्या परीक्षेला, पुढे एम.ए.ला ती चालते.

चालत नाही कुठे, तर इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा, शेती, हॉटेल मॅनेजमेंट या शाखांत. हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने द्यायला बंदी आहे. कोणी "घरबसल्या बी.ई." म्हणत असेल तर तिथूनच मागे फिरा. "एका वर्षात पदवी", "मागच्या तारखेने ॲडमिशन", "परीक्षेला यायची गरज नाही" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवरून आता मोबाइलवर आल्या आहेत, माल तोच आहे. विद्यापीठाला आपले दूरशिक्षणाचे वर्ग खासगी क्लासवाल्याला चालवायला देता येत नाहीत. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते आणि दूरशिक्षणासाठी कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे तेही जाहीर करते. दोन्ही बघा. मुक्त विद्यापीठात प्रवेश घेताना आता डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो, तो एबीसीच्या खात्याशी जोडलेला असतो. तो स्वतः काढा, एजंटाकडे ओटीपी देऊ नका.

नाव, आडनाव आणि आधार

परत येणाऱ्यांत लग्न झालेल्या मुली पुष्कळ असतात, आणि त्यांचं घोडं हमखास अडतं ते नावावर. उदाहरणच घेऊ. बारावीच्या गुणपत्रिकेवर नाव आहे 'जाधव स्वाती बाळासाहेब'. लग्नानंतर आधार बदललं, तिथे झालं 'स्वाती महेश कदम'. पॅन आणि बँक खातंही त्याच नावाने. आता कॉलेज सांगतं की अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर एकच असलेला क्रमांक) काढा, एबीसी जोडा. ते डिजिलॉकरवरून होतं आणि डिजिलॉकर नाव घेतो आधारवरचं. विद्यापीठाच्या नोंदीत स्वाती जाधव, खात्यात स्वाती कदम. जुळलं नाही की क्रेडिट्स जमा होत नाहीत आणि कोणी कळवतही नाही. कळतं ते शेवटच्या वर्षी.

यावर लोक पटकन एक उपाय करतात: विद्यापीठातलं नाव बदलून घेऊ. मी सांगेन, मध्येच हे करू नका. एफ.वाय.ची गुणपत्रिका एका नावाची आणि टी.वाय.ची दुसऱ्या, असं झालं की पुढे प्रत्येक ठिकाणी राजपत्राची प्रत दाखवत बसावं लागतं. पदवी पूर्ण होईपर्यंत विद्यापीठात दहावी-बारावीचंच नाव चालू ठेवावं. विवाह नोंदणी दाखला काढून ठेवावा, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेत आधी ती नोंद करून घ्यावी. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून फाइलला लावावं आणि क्रेडिट जमा होताहेत का ते दर सत्राला स्वतः तपासावं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा "आत्ता परत माहेरचं करून घेते, मग बघू" ही उडी विचार करूनच मारा. राजपत्रात नाव बदलायचंच असेल तर ते पदवीच्या आधी किंवा नंतर.

जातीच्या दाखल्याबाबतही असाच एक घोळ ऐकू येतो. नॉन-क्रीमी लेयरसाठी नवऱ्याच्या पगाराची स्लिप मागितली जाते आणि बायका परत जातात. विवाहित स्त्रीचं नॉन-क्रीमी लेयर ठरतं ते तिच्या आई-वडिलांच्या स्थितीवरून. माहेरची कागदपत्रं गोळा करायला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी हाती घ्या. जुन्या दाखल्याची मुदत तर बहुधा संपलेलीच असते.

मूळ कागदपत्रं जुन्या कॉलेजात अडकली असतील तर तेही सांगते. यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की संस्थांनी मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे. गुणपत्रिका हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि बोर्डाकडे किंवा विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज. हे सगळं चालतं, फक्त आठवडे जातात.

गॅप सर्टिफिकेट नावाचा बागुलबुवा

"गॅप सर्टिफिकेट कुठे मिळतं?" असं पोरं विचारतात, जणू ते कुठलं तरी खातं देतं. ते कोणी देत नाही, तुम्हीच देता. एक साधं प्रतिज्ञापत्र: माझं नाव अमुक, मी अमुक वर्षी अमुक परीक्षा दिली, त्यानंतर या तारखेपासून या तारखेपर्यंत मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता, कारण असं असं. नोटरीकडे किंवा तहसील कार्यालयात, सेतूमार्फत होतं. कारण एका ओळीत लिहा. 'घरगुती कारणामुळे', 'आर्थिक अडचणीमुळे', 'आजारपणामुळे', 'नोकरीमुळे', एवढं पुरतं. मानसिक आजाराचे तपशील, घटस्फोटाची हकिकत, असलं काही त्यात घालायची अजिबात गरज नाही. फक्त खरं लिहा आणि खंडाची वर्षं गुणपत्रिकांशी जुळवा.

स्टॅम्पपेपरबद्दल: २०२४ मध्ये किमान मुद्रांक १०० वरून ५०० रुपये झाला आणि विद्यार्थ्यांकडूनही ५०० चा स्टॅम्प मागायला सुरुवात झाली. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांसाठी हा मुद्रांक माफ केल्याचं जाहीर केलं. तरी तहसीलच्या आवारातले टायपिंगवाले ५०० चा पेपर हातात ठेवतात. आधी विचारा, साध्या कागदावर चालेल का.

पैसे

इथे थोडक्यात, कारण योजना दर वर्षी बदलतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्यापूर्वी खंडाची अट वाचा. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती योजनेत अभ्यासक्रमाच्या दरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड असेल तर अर्ज बसत नाही. बारावी ते पदवीच्या मधला खंड आणि पदवीच्या मध्येच पडलेला खंड या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकच समजून अर्जच न करणारेही भेटतात. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असेल तर. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही. जुनं शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेशी आधी बोला, शिक्षण पुन्हा सुरू झाल्याचं बोनाफाइड दाखवून हप्त्यांबद्दल काही होतं का ते बघा. खातं थकीत झाल्यावर बोलण्यात अर्थ राहत नाही.

वर्गात बसल्यावर

नियमित कॉलेजात परत गेलात तर पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरा. हे मी गमतीने सांगत नाही. इंटर्नलची तारीख, असाइनमेंट कोणाकडे द्यायची, तास कुठे हलवला, हे सगळं तिथेच ठरतं, आणि नव्या रचनेत इंटर्नलचं वजन मोठं आहे. परीक्षेला येऊन पास होऊ, हा २०१० चा हिशेब आता जमत नाही. पोरं दोन दिवस तुम्हाला मॅडम किंवा सर म्हणतील, मग ताई किंवा दादा. तिसऱ्या आठवड्यात नोट्स मागतील.

हजेरी ७५ टक्के लागते. नोकरी करणाऱ्याला यातून लेखी सूट द्यायचा अधिकार सहसा कोणाकडे नसतो, पण विभागप्रमुखांना सुरुवातीलाच भेटून शिफ्टचं पत्र दाखवलं तर प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळते. मुंबईत रात्र महाविद्यालयं आहेत, अनेक शहरांत सकाळची सत्रं आहेत, तिथे आधी चौकशी करा. आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नका. ते देणारे सर मार्चपर्यंत त्याच खुर्चीवर असतीलच असं नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर डोक्याआधी हात गंजलेला असतो. वर्षानुवर्षं सही आणि मोबाइल याखेरीज काही लिहिलेलं नसतं. अर्ध्या तासात बोटं दुखतात, अक्षर कोसळतं, पेपर राहतो. जुन्या प्रश्नपत्रिका काढा आणि रोज एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहा. वाचत बसण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. आमच्याकडे एस.टी.त कंडक्टर असलेले एक विद्यार्थी होते, ते डेपोत गाडी लागेपर्यंत तिकिटांच्या मशीनच्या खोक्यावर वही ठेवून एक उत्तर लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी तपासायला आणून द्यायचे. त्यांची वही वर्गात सगळ्यांत जाड होती.

पुढे नोकरीला खंड आडवा येतो का?

येतो, पण सगळीकडे नाही. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या अटींत बहुधा असतं: शिक्षणात एक-दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नको आणि राहिलेला विषय नको. इंजिनिअरिंगला परतणाऱ्याने हे धरूनच चालावं. कॅम्पसवर भिस्त न ठेवता मधल्या काळातल्या नोकरीचं अनुभव प्रमाणपत्र जपून ठेवावं, तेच पुढे कामी येतं. सरकारी भरतीत खंड कोणी विचारत नाही. तिथे बघतात पदवी आणि वय. एमपीएससीसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही कमाल मर्यादा आहे. तिसाव्या वर्षी पहिल्या वर्षापासून सुरुवात केलीत तरी तेहतिसाव्या वर्षी पदवी हातात येते आणि खुल्या प्रवर्गातही पाच वर्षं उरतात. डॉक्टर व्हायचं असेल तर नीटची कमाल वयाची अट २०२२ मध्येच काढून टाकली गेली आहे.

आता कधी जायचं ते. जून-जुलैत जुन्या कॉलेजच्या खिडकीशी जाऊ नका, तेव्हा तिथे बारावीवाल्यांची झुंबड असते आणि तुमचं जुनं रजिस्टर काढायला कोणाला सवड नसते. फेब्रुवारीत जा, दुपारी तीननंतर. जुनं हॉल तिकीट, असतील त्या गुणपत्रिका आणि आधारची झेरॉक्स बरोबर ठेवा, वरचे प्रश्न एका कागदावर लिहून न्या आणि उत्तर त्याच अर्जावर शिक्क्यासह मागा. मुदत शिल्लक आहे असं कळलं तर उन्हाळी परीक्षेच्या फॉर्मची विलंब शुल्कासह शेवटची तारीख त्याच वेळी विचारून घ्या, कदाचित जूनपर्यंत थांबायचीही गरज पडणार नाही.